आगगाडीचे डबे बोलू लागले तर

परीक्षा आपल्या आठवीच्या तोडीची. परीक्षार्थी चौदा वर्षांचा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरापलीकडच्या डोंगरातला. सरकारी शाळेत नाव नसल्यामुळे तो बाहेरून बसलेला. भाषेच्या पेपरात निबंधाला विषय आला : ‘आगगाडीचे डबे बोलतात’.

‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’, ‘मी नदी बोलतेय’, ‘पडक्या किल्ल्याचे आत्मवृत्त’ असे विषय लिहून वरच्या वर्गात गेलेल्या मराठी वाचकाला हा विषय परका वाटणार नाही. निर्जीव वस्तूंना बोलतं करण्याची हौस परीक्षकांना देशोदेशी असावी.

त्या मुलापुढे दोन प्रामाणिक मार्ग होते. कागद कोरा ठेवायचा, नाहीतर असा विषय काढणाऱ्यालाच चार शब्द सुनवायचे. पण त्याला पुढे अध्यापक विद्यालयात जायचं होतं आणि त्यासाठी हा दाखला हवा होता. म्हणून परीक्षकांना रुचेल असं लिहायचा त्याने प्रयत्न केला. तो जमला नाही. पुढे मे १९६७मध्ये ‘एका शिक्षिकेला पत्र’ या अर्थाच्या नावाचं एक पुस्तक इटलीत निघालं, त्यात त्याने ही हकीकत सांगितली आहे. पुस्तकावर लेखक म्हणून एकाही व्यक्तीचं नाव नाही, ‘बार्बियानाची शाळा’ एवढंच आहे. ते आठ मुलांनी मिळून लिहिलं होतं. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावाने आलं आहे आणि शिक्षणात रस असणाऱ्या अनेकांच्या कपाटात ते सापडतं.

या पुस्तकाची ओळख बहुतेक वेळा गरीब मुलांना नापास करणाऱ्या व्यवस्थेवरचं आरोपपत्र म्हणून करून दिली जाते. ती खरीच आहे. पण आगगाडीच्या डब्यांची हकीकत सांगता सांगता तो मुलगा आणखी एक गोष्ट करतो : आपण बार्बियानात लिहायला कसं शिकलो, हे तो मोजक्या ओळींत सांगतो. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना लेखन कसं शिकवावं यावर जाडजूड ग्रंथ निघाले आहेत, पण त्या पानाइतकं कामाचं त्यांतलं फार थोडं आहे.

बार्बियाना हे धड गावही नव्हे. मुजेल्लो खोऱ्याच्या वरच्या अंगाला एक चर्च आणि डोंगरउतारावर विखुरलेली शेतकऱ्यांची घरं. डिसेंबर १९५४मध्ये लोरेंझो मिलानी नावाचे ३१ वर्षांचे धर्मगुरू तिथे आले, खरं तर पाठवले गेले. मिलानी फ्लॉरेन्समधल्या सुखवस्तू, विद्वान घराण्यातले. तरुणपणी त्यांना चित्रकार व्हायचं होतं. १९४७मध्ये ते धर्मगुरू झाले आणि कालेंझानो इथे त्यांनी कामगार तरुणांसाठी रात्रशाळा चालवली. त्यांची मतं वरिष्ठांना पचेनात, तेव्हा त्यांची रवानगी या डोंगरात झाली. तिथे वीज नव्हती, धड रस्ता नव्हता. मुलं प्राथमिक पाच वर्षं संपवून मेंढरांमागे जात. मिलानींनी चर्चशेजारच्या आपल्या राहत्या घरातच शाळा भरवली. वर्षाचे ३६५ दिवस, रोज बारा तास. मोठी मुलं धाकट्यांना शिकवत. टेबलंसुद्धा मुलांनीच बनवलेली.

१९६२च्या अखेरीस इटलीत कायदा झाला आणि अकरा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांसाठी एकच सक्तीची माध्यमिक शाळा आली. तोवर पुढे शिकणाऱ्यांची वाट वेगळी आणि लवकर कामाला लागणाऱ्यांची वेगळी होती. आता शेतकऱ्यांची, मजुरांची मुलं त्याच वर्गात येऊन बसली आणि नापास होऊन बाहेर पडू लागली. कायद्याने उघडलेलं दार आतल्या परीक्षांनी पुन्हा लोटून घेतलं. बार्बियानातून पुढे शिकायला गेलेल्या मुलांनाही हाच अनुभव आला. मग मुलांनी ठरवलं, की ज्या बाईंनी नापास केलं त्यांना पत्र लिहायचं. त्यासाठी त्यांनी शाळांची हजेरीपत्रकं धुंडाळली, सरकारी आकडेवारी मिळवली, कोणाची मुलं कोणत्या इयत्तेत गळतात याचे तक्ते केले. वर्षभर काम चाललं. पुस्तकातली संख्याशास्त्रीय मांडणी इतकी चोख होती, की इटलीच्या भौतिकशास्त्र संघटनेने त्यासाठी बक्षीस दिलं.

तर लिहिण्याची रीत अशी. प्रत्येकाच्या खिशात छोटी वही. काही सुचलं, दिसलं, कुणी काही बोललं, की टिपून ठेवायचं. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा, तोही एकाच बाजूला. ठरलेल्या दिवशी सगळ्यांच्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर पसरायच्या. एकसारख्या असतील त्या काढून टाकायच्या. जवळच्या मुद्द्यांच्या चिठ्ठ्यांचे ढीग करायचे. ती झाली प्रकरणं. प्रत्येक ढिगाचे लहान ढीग. ते झाले परिच्छेद. मग प्रत्येक परिच्छेदाला नाव द्यायचं. नाव सुचत नसेल तर दोनपैकी एक गोष्ट झालेली असते : एकतर त्यात काहीच नाही, नाहीतर दोन-तीन परिच्छेदांची खिचडी झालेली आहे. त्यानंतर चिठ्ठ्यांच्या क्रमाने कच्चा मजकूर लिहायचा, त्याच्या प्रती काढायच्या आणि कात्री, गोंद, रंगीत पेन्सिली घेऊन बसायचं. तुकडे कापायचे, हलवायचे, पुन्हा चिकटवायचे. मग चढाओढ सुरू : अनावश्यक शब्द कोण शोधतो, जड शब्दाला सोपा कोण देतो, एका वाक्यात कोंबलेल्या दोन गोष्टी कोण सोडवतो. शेवटी बाहेरच्या माणसांना वाचायला द्यायचं. फार शिकलेली नसतील तर उत्तम. त्यांना जे कळलं नाही ते बदलायचं. जपून लिहा, असे सल्ले मात्र नाकारायचे.

आणि या सगळ्याच्या आधी दोन अटी होत्या. इतरांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी सांगण्याजोगं हाताशी हवं. आणि आपण कुणाला लिहितोय ते माहीत हवं. शिवाय वेळेची मर्यादा घालायची नाही.

यात प्रतिभेचं नाव कुठेच निघत नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. सुतारकाम शिकवावं तसं हे लेखन शिकवलं जातं : लाकूड आणा, मापं घ्या, रंधा मारा. आपल्याकडच्या निबंधाच्या तासाला नेमकं उलटं घडतं. फळ्यावर विषय पडतो, पस्तीस-चाळीस मिनिटं मिळतात, आणि ज्याला सांगण्यासारखं काही गोळा करायची संधीच मिळालेली नाही त्याने वीस ओळी भरायच्या असतात. तो बिचारा गाइडातला पावसाळा आठवतो. विजांचा कडकडाट, ढगांचा गडगडाट, धरतीने नेसलेला हिरवा शालू. दुष्काळी तालुक्यातल्या वहीतही तोच शालू. मग लाल शाईत शेरा पडतो, ‘अक्षर सुधारा’, आणि वहीचं पान उलटतं.

मिलानींचा हा मार्ग पूर्ण त्यांचा नव्हता. १९६३च्या उन्हाळ्यात मारिओ लोदी नावाचे प्राथमिक शिक्षक बार्बियानाला आले. पो नदीच्या सपाट खोऱ्यातल्या व्हो दी पियादेना या खेड्यात ते शिकवत. त्यांच्या वर्गातल्या मुलांनी खिडकीतून पाहिलेल्या चिमण्यांवरून त्यांच्याबरोबरच रचलेली ‘चिपी’ ही गोष्ट १९६१मध्ये छापली गेली होती आणि इटलीतली मुलं ती आजही वाचतात. लोदींनी सुचवलं, दोन शाळांनी एकमेकींना पत्रं लिहावीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बार्बियानाच्या मुलांनी लोदींच्या मुलांना जे पत्र लिहिलं, ते त्यांचं पहिलं सामूहिक लेखन. पत्र हा प्रकार त्यांच्या हाती असा लागला. पुढे सैन्यसेवा नाकारणाऱ्यांची बाजू घेतल्याबद्दल मिलानींवर खटला झाला. आजारपणामुळे त्यांना न्यायालयात जाता येईना, तेव्हा १९६५मध्ये त्यांनी न्यायाधीशांना उद्देशून लिहिलेला बचावही पत्रच होता.

लोदी ज्या शिक्षकांच्या चळवळीत होते तिचं मूळ फ्रान्समध्ये, सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातल्या शिक्षकापाशी सापडतं. पहिल्या महायुद्धात फ्रेनेंच्या फुप्फुसाला इजा झाली होती, वर्गात फार वेळ बोलणं त्यांना झेपत नसे. १९२४मध्ये त्यांनी बार-सुर-लू गावातल्या आपल्या वर्गात एक लहानसं छापयंत्र आणलं. मुलं फिरून येत, पाहिलेलं सांगत, लिहीत, खिळे जुळवत आणि छापलेली पानं दूरच्या दुसऱ्या शाळेला पाठवत. तिकडून उत्तर येई. त्याच १९२४मध्ये इकडे अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिक्षक म्हणून रुजू झाले. वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालवलं आणि १९२८मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. फ्रेने आणि गुरुजी एकमेकांना ओळखत असण्याचं कारण नाही. मात्र रोज नव्याने लिहिलेलं काहीतरी मुलांच्या हाती पडलं की वाचन आपोआप सुरू होतं, हे दोघांनाही एकाच काळात उमगलं होतं. मराठी शाळांमधली हस्तलिखितांची परंपरा चांगली जुनी आहे. दुर्दैवाने बऱ्याच ठिकाणी ती आता वार्षिक संमेलनाच्या टेबलावर ठेवायची वस्तू झाली. सुबक अक्षराच्या दोन मुली ते लिहितात, पाहुणे उघडतात, मग ते कपाटात जातं.

बार्बियानाला एक धर्मगुरू होता, मोजकी मुलं होती आणि दिवसाचे बारा तास होते. साठ मुलांच्या वर्गाला यातलं काय लागू पडणार, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. त्याचं एक उत्तर अमेरिकेतून मिळतं. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या मुलांवर झालेले लेखनशिक्षणाचे प्रयोग एकत्र तपासले आणि २००७मध्ये अहवाल दिला. आराखडा करणे, कच्चा मजकूर, सुधारणा या पायऱ्या मुलांना उघड करून शिकवणं सर्वांत परिणामकारक ठरलं. परिणामाचं माप ०.८२. वाचलेल्याचा सारांश लिहायला शिकवणं तेवढंच उपयुक्त. मुलांनी जोडीने किंवा गटाने मिळून लिहिणं, ०.७५. खाली उतरत गेलं की वाक्यं जोडण्याचा सराव ०.५० वर आहे. आणि लेखनापासून तोडून शिकवलेलं व्याकरण? त्याचं माप शून्याच्याही खाली, उणे ०.३२.

हा शेवटचा आकडा व्याकरणाच्या बाईंना टोचेल. पण त्याचा अर्थ व्याकरण नको असा नाही. ‘आजी आली. तिच्या हातात पिशवी होती. पिशवीत कणसं होती. कणसं ओली होती.’ ही चार वाक्यं सहावीच्या मुलीला एकात गुंफायला सांगावीत. ‘आजी ओल्या कणसांची पिशवी घेऊन आली.’ दुसरी लिहील, ‘आजीने आणलेल्या पिशवीतली कणसं ओली होती.’ दोन्ही बरोबर आहेत, पण पहिल्या वाक्यात लक्ष आजीकडे जातं, दुसऱ्यात कणसांकडे. हा फरक मुलींनीच शोधून काढला की धातुसाधितं शिकवायला वेगळा तास लागत नाही. नाव मागाहून सांगितलं तरी चालतं.

लेखनाचं इतकं झालं, पण त्याच्या अलीकडे वाचन आहे आणि खरी अडचण तिथेच आहे.

‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने ग्रामीण भारतात ‘असर’ ही पाहणी होते. २०२२च्या पाहणीत आठवीतल्या मुलांपैकी ६९.६ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकली. म्हणजे दहातली तीन मुलं आठवीत बसून दुसरीचं वाचू शकत नव्हती. त्यांच्यासाठी आधी अक्षरांशीच पुन्हा मैत्री करावी लागते आणि ते काम वेगळं आहे. पण उरलेल्या सातांचं काय? ती घडाघडा वाचतात. प्रश्न विचारला की गप्प होतात.

१९८६मध्ये फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी हे कोडं एका गुणाकारात मांडलं : शब्द उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता म्हणजे वाचन. गुणाकार असल्याने दोहोंपैकी एक शून्य झालं की सगळंच शून्य. चौथीपर्यंत शाळेचं लक्ष पहिल्या संख्येवर असतं. पाचवी-सहावीत पुस्तकं बदलतात. वाक्यं लांबतात, ‘बाष्पीभवन’, ‘आधिपत्य’, ‘अनुक्रमे’ असे शब्द येतात, आणि इतिहास, भूगोल, विज्ञान सगळं वाचूनच शिकायचं असतं. जीन चॉल यांनी १९८३मध्ये वाचनाच्या विकासाचे टप्पे मांडले, त्यात हाच वळणबिंदू दाखवला होता : आधी मूल वाचायला शिकतं, नंतर शिकण्यासाठी वाचतं. ज्यांच्या घरात ही पुस्तकी भाषा कानावर पडत नाही ती मुलं या वळणावर मागे राहतात. अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला तर प्रमाण मराठीचं पुस्तक अर्ध्या परक्या भाषेतलंच, आणि गोंडी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला पूर्ण परक्या.

इथे एक गमतीदार प्रयोग आठवतो. १९८८मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि छोट्या मैदानावर लाकडी बाहुल्या हलवून घडलेलं दाखवायला सांगितलं. काही मुलं वाचनात हुशार होती, काही कच्ची. दोन्ही गटांत बेसबॉल जाणणारी आणि न जाणणारी मुलं होती. वाचनात कच्च्या पण खेळ जाणणाऱ्या मुलांनी, खेळ न जाणणाऱ्या ‘हुशार’ वाचकांना मागे टाकलं. आपल्याकडे ‘शेवटच्या षटकात चौदा हव्या होत्या आणि हातात दोन गडी होते’ हे वाक्य सातवीतल्या ढ समजल्या जाणाऱ्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. क्रिकेट न पाहणारे प्राध्यापक मात्र अडखळतील.

बार्बियानाच्या मुलांनी बाईंना लिहिलेल्या पत्रात सांगितलेला एक प्रसंग याच्या शेजारी ठेवून पाहावा. व्यायामाच्या परीक्षेत परीक्षकांनी चेंडू टाकला आणि बास्केटबॉल खेळा म्हणाले. मुलांना तो खेळ येतच नव्हता. त्यांच्यातला प्रत्येकजण ओकच्या झाडावर चढून कुऱ्हाडीने भली मोठी फांदी तोडू शकत होता, बर्फातून घरापर्यंत ओढत आणू शकत होता. गुण मात्र चेंडूचे होते. मुलाला वाचता येत नाही, असं म्हणताना आपण त्याचं वाचन तपासतो की त्याचं घर, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी सारखाच आहे.

मग उपाय? मिलानींचा उपाय रोजचं वर्तमानपत्र होता. ते मोठ्याने वाचायचं, वरून खालपर्यंत, आणि अडेल तिथे थांबायचं. एका बातमीतून नकाशा निघे, नकाशातून इतिहास, एखाद्या शब्दाच्या मागे लागून अर्धी सकाळ जाई. परीक्षेत वर्तमानपत्र नसतं, ही शाळेची हरकत मुलांना ठाऊक होती. डोंगरावर येणाऱ्या पाहुण्यालाही सुटका नव्हती; तो कोणत्या कामात जाणकार आहे ते पाहून मुलं त्याला प्रश्न विचारून विचारून दमवत. गुणाकारातली दुसरी संख्या, म्हणजे भाषेची समज, वाढवण्याची हीच त्यांची रीत.

वर्गात करण्याजोगी आणखी एक रीत १९८४मध्ये ॲनमरी पॅलिंकसर आणि ॲन ब्राऊन यांनी सातवीच्या मुलांवर वापरून पाहिली. ही मुलं अक्षरं नीट वाचत, पण अर्थ निसटे. लहान गटात एक उतारा घ्यायचा आणि चार कामं आळीपाळीने करायची : सारांश सांगणं, प्रश्न तयार करणं, न कळलेलं उघड मान्य करून उलगडणं, आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधणं. सुरुवातीला शिक्षक हे करून दाखवतो, मग हळूहळू त्याची खुर्ची मुलांकडे जाते. शाळेच्या सुमारे वीस दिवसांत मुलांच्या आकलनात मोठा फरक पडला. मोसमी वाऱ्यांचा धडा असा घेतला तर ‘मला बाष्प शब्द कळला नाही’ असं म्हणणाऱ्या मुलाला त्या दिवशी गुण मिळतात. एरवी त्याला हशा मिळतो.

मुलांनी काय वाचावं, याचा निर्णय कुणी घ्यायचा हाही वादाचा मुद्दा आहे. अमेरिकेत मेन राज्यातल्या बूथबे हार्बर गावात आठवीला शिकवणाऱ्या नॅन्सी ॲटवेल यांनी तो मुलांवर सोपवला. त्यांच्या वर्गात रोज वाचनाला वेळ असे आणि पुस्तक ज्याने त्याने निवडायचं. मुलं वाचलेल्या पुस्तकाबद्दल बाईंना पत्र लिहीत आणि बाई प्रत्येक पत्राला उत्तर देत. लेखनाच्या तासाला आधी थोडा वेळ एखादी युक्ती दाखवायची, मग जो तो आपलं लिखाण पुढे नेणार आणि बाई एकेका बाकापाशी बसून बोलणार. १९८७च्या ‘इन द मिडल’ या पुस्तकात त्यांनी हे सगळं मांडलं, १९९०मध्ये एजकोम इथे स्वतःची शाळा काढली. तिथली मुलं वर्षाला चाळीसच्या आसपास पुस्तकं वाचत. २०१५मध्ये दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ पहिल्यांदा दिला गेला तो त्यांना, आणि ती सगळी रक्कम त्यांनी शाळेला दिली. हाच पुरस्कार २०२०मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना मिळाला. त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांत वाटली.

बार्बियानाची भक्ती करणारे एक गोष्ट सांगायला विसरतात. तिथली शिस्त करडी होती आणि खेळ-करमणुकीबद्दल मिलानींना फारसा धीर नव्हता. तिथल्या मुलांनी आकडे, कायदे, अन्याय यांवर धारदार लिहिलं. निव्वळ मौजेची गोष्ट रचायला त्यांना सवड नव्हती. पुस्तकाच्या शैलीवर मिलानींचा हात किती आणि मुलांचा किती, यावर इटलीत वादही झाले. सातवीतल्या मुलीला मात्र अन्यायाइतकीच परीचीही गरज असते. निदान चेटकिणीची तरी.

ती बाजू जान्नी रोदारी यांनी सांभाळली. मुलांसाठी लिहिणारे रोदारी १९७०मध्ये अँडरसन पुरस्काराचे मानकरी ठरले. तरुणपणी काही काळ ते शिक्षक होते. मार्च १९७२मध्ये रेज्जो एमिलिया शहरात शिक्षकांसमोर ते काही दिवस बोलले आणि त्यातून पुढच्या वर्षी ‘कल्पनेचं व्याकरण’ या अर्थाच्या नावाचं पुस्तक झालं. कल्पनाशक्तीलाही रीत असते आणि ती शिकवता येते, हे त्यांचं म्हणणं. त्यांची गाजलेली युक्ती दोन शब्दांची. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे. त्यांचं उदाहरण कुत्रा आणि कपाट. मराठीत तर याला विभक्तीची आयती मदत आहे. कुत्र्याचं कपाट, कपाटातला कुत्रा, कपाटावरचा कुत्रा, कुत्र्यासाठी कपाट, कपाटासह कुत्रा. प्रत्येक जोडीत एक वेगळी गोष्ट दबा धरून बसलेली आहे. दुसरी युक्ती ‘जर-तर’ची : एखादं आख्खं शहर अचानक उडू लागलं तर काय होईल?

म्हणजे आगगाडीच्या डब्यांनी बोलण्यात गैर काहीच नव्हतं. हत्यार हातात न देता डब्यांना बोलायला लावलं, दोष तिथे होता. मनमाडच्या सातवीतल्या मुलांना हाच विषय देऊन बघावा. डबा कुठला, कांद्याचा की प्रवाशांचा? लासलगावहून निघाला तर पोचणार कुठे? किती तास यार्डात पडून राहिला? त्याची सगळ्यात जुनी तक्रार कुणाबद्दल? तो बोलतो कुणाशी, इंजिनाशी की रुळावर हातोडी ठोकत जाणाऱ्या गँगमनशी? याची उत्तरं गाइडात मिळत नाहीत. स्टेशनावर जाऊन, हमालकाकांना विचारून, घरातल्या रेल्वेतल्या मामाचं डोकं खाऊन ती आणावी लागतात. चिठ्ठ्या जमल्या की रोदारी आणि मिलानी दोघंही एकाच टेबलावर बसतात.

आपल्याकडे साधनं नाहीत, असंही नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून याच वयाच्या मुलांसाठी निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला मिळतात. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयासारख्या शाळांनी मुलांच्या अनुभवांना अभ्यासात जागा देऊन दाखवली. मराठीच्या पाठ्यपुस्तकांतही उपक्रम, प्रकल्प, स्वमत अशा चौकटी असतात. वार्षिक नियोजनाच्या रेट्यात त्यांच्यावर ‘घरी करा’ अशी टीप पडते आणि घरी त्या आई करते.

तेव्हा मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांना विनंती एवढीच. सत्रात दहा निबंध घेण्याऐवजी दोन घ्यावेत. पहिला आठवडा फक्त चिठ्ठ्या जमवायला द्यावा, दुसऱ्यात मुलांनी गटाने ढीग लावावेत, कात्री चालवावी, आणि शेजारच्या वर्गाला वाचून दाखवून काय कळलं नाही ते विचारावं. अक्षर आणि ऱ्हस्व-दीर्घ शेवटच्या प्रतीत पाहावं, त्याआधी नाही. लिखाण कुणासाठी आहे ते पहिल्या दिवशी ठरवावं : पाणीपुरवठा अधिकारी, दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेचा सातवीचा वर्ग, ‘किशोर’चे संपादक, गावातून मुंबईला गेलेला कुणी. आणि लिहून झाल्यावर ते खरोखर त्या माणसाला पाठवावं. टपालखर्च शाळेने द्यावा.